आजोबांची गंजलेली जीप पुन्हा कागदावर आणताना: वारस नोंद, नूतनीकरण आणि विंटेज नोंदणी

आमच्या चोपड्याजवळच्या खळ्यात एक जीप बरीच वर्षं तुरीच्या काड्यांखाली पडून होती. महिंद्राची सीजे-३बी, उंच बोनेटची, पेट्रोलवर चालणारी. आजोबांनी, म्हणजे नानांनी, ती धुळ्याच्या एका कंत्राटदाराकडून घेतलेली. वडील, आप्पा, आता शहात्तरीला आले. हिच्यात बसून एकदा शेतावर चक्कर मारायची एवढंच ते म्हणाले आणि मी कामाला लागलो.

पत्राकाम करणारे मिळतात, पार्ट जुळवून आणणारेही मिळतात. अडतं ते कागदावर. म्हणून पहिला सल्ला असा की ग्राइंडर लावण्याआधी आरटीओचं काम समजून घ्या. पत्र्यावर आणि इंजिनावर तुम्ही जे कराल, त्यावरच पुढे कोणती नोंदणी मिळणार हे ठरतं.

एक गैरसमज आधीच बाजूला ठेवतो. १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते, असं गावोगाव सांगितलं जातं. वयावरून बंदीचे आदेश निघाले ते दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

गाडी कोणाच्या नावावर आहे?

बहुतेक घरांत हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. आमची आरसी, म्हणजे नोंदणीची पुस्तिका, नानांच्या नावावर होती आणि नाना जाऊन वीस वर्षं होऊन गेलेली. कायद्यानुसार मालक वारल्यावर ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. तुमची मुदत उलटून गेली असेल तरी दार बंद होत नाही, उशिराचा दंड भरावा लागतो.

फॉर्म ३१ सोबत मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, अर्जदाराचं आधार व पत्त्याचा पुरावा, पॅन, चालू विमा आणि पीयूसी लागते. त्याशिवाय बाकीच्या सगळ्या वारसांचं ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र. सगळ्या म्हणजे मुलींचंही. तलाठ्याकडे सातबारावर वारस लागले म्हणजे सगळीकडे लागले, असं आपल्याकडे धरून चालतात. गाडीला तो फेरफार पुरत नाही. काही ठिकाणी वारसांच्या प्रतिज्ञापत्रावर काम होतं, काही ठिकाणी दिवाणी कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागतात. तुमच्या कार्यालयात काय चालतं ते काउंटरवर आधी विचारा.

आमची आत्या शहाद्याला असते. कागद घेऊन गेलो तर चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली, ‘आधी माले जीपमा बसाड, मंग सही करसू.’ जीपला तेव्हा चाकं नव्हती. शेवटी उधारीवर सही मिळाली.

आणखी एक. घरात हौस नातवाला असते, म्हणून गाडी थेट नातवाच्या नावावर करायचा मोह होतो. मुलगा हयात असेल तर आधी फॉर्म ३१ वर मुलाच्या नावावर आणा. पुढे नातवाकडे द्यायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून रीतसर हस्तांतर होतं. आमची आप्पांच्या नावावरच ठेवली.

संगणकावर नंबर सापडत नाही तेव्हा

एमएच-१८, एमएच-१९ ही पद्धत १९८९ नंतरची. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर एम अक्षराने सुरू होणारे, तीन अक्षरी. असा नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाकला की बऱ्याचदा नोंद सापडत नाही, कारण जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेलीच नसते. मग आरसीवर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथे बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी, अर्ज करावा लागतो. मूळ आरसी पुस्तिका, टॅक्सच्या जुन्या पावत्या, विम्याचा एखादा जुना कागद, जे सापडेल ते न्या.

नंदुरबारकरांनी इथे जरा थांबावं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून तळोदा-नवापूरकडच्या त्याआधीच्या गाडीचा माग एमएच-३९ च्या कार्यालयात नाही, धुळ्यात लागण्याची शक्यता जास्त. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, पण शिक्का धुळ्याचा, म्हणून रजिस्टर तिथेच निघालं. तीन फेऱ्या झाल्या. आरसीच हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागायची, पण मूळ नोंद सापडल्याशिवाय तीही निघत नाही. आणि कोणी मधल्या काळात गाडी भंगारात गेली असं कळवून नोंदणी रद्द करून ठेवली नाही ना, हे त्याच फेरीत पाहून घ्या. गाडीवर पैसा घालायचा तो त्यानंतर.

विंटेज की साधं नूतनीकरण?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पात्रता थोडक्यात अशी: दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी. गाडी कधी बनली यावर नाही, पहिली नोंद कधी झाली यावर हिशेब होतो. दुसरी अट म्हणजे गाडी मूळ रूपात हवी. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.

खान्देशात बऱ्याच जीप इथेच बाद होतात. पेट्रोल परवडत नाही म्हणून मागेच कोणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं, माणसं जास्त बसावीत म्हणून मागचा पत्रा लांबवलेला असतो. आरसीवर इंधन पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल असेल, तर विंटेज सोडा, साध्या नूतनीकरणालाही निरीक्षक हरकत घेतो. चेसिस किंवा बॉडीची रचना बदललेली चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. गंजलेला पत्रा कापून त्याच मापाचा नवा बसवणं वेगळं. रंग बदलणार असाल तर आरसीवरही तसा बदल करून घ्या.

विंटेजचा अर्ज फॉर्म २० वर, परिवहन पोर्टलवरून होतो. विमा, फी आणि जुनी आरसी लागते. गाडी बाहेरून आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. सैन्याच्या लिलावातली जीप पहिल्यांदाच नोंदवायची असेल तर सैन्याकडून मिळालेलं फॉर्म २१ चं मूळ विक्री प्रमाणपत्र हवंच. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. प्रमाणपत्र फॉर्म २३अ मध्ये ६० दिवसांत मिळावं असा नियम आहे. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. नसेल तर व्हीए अक्षरांची वेगळी मालिका मिळते.

सगळं छान वाटतं, पण वापराची अट वाचा. विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. आप्पांना शेतावर जायचं होतं, त्यांच्या रॅलीला कोण येणार? म्हणून ५० वर्षं पूर्ण असूनही मी फॉर्म २५ भरला, म्हणजे साधं नूतनीकरण.

त्याचा खर्च जपून काढा. २० वर्षांहून जुन्या हलक्या चारचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. उशिराचे महिन्याला ५०० वेगळे. महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी पेट्रोल गाडीला ३,००० आणि डिझेलला ३,५००. टॅक्सची जुनी थकबाकी निघाली तर तीही. आकडा ऐकून मग रंगाचा डबा आणा.

पेन्सिल आणि पातळ कागद

आता माझी चूक. पत्राकामाला गाडी दिली तेव्हा मी सहज म्हणून चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवली होती. चेसिसच्या पुढच्या डाव्या रेलवरचा (लांब लोखंडी पट्टीवरचा) गंज चिंधीनं पुसायचा, पातळ कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी धरून हळू घासायची. आकडे पांढरे उठून येतात. वॉटर पंपाजवळ ब्लॉकवर पंच केलेला इंजिन नंबरही तसाच घेतला. आठ दिवसांनी गॅरेजात गेलो तर त्या रेलवरून ग्राइंडर फिरला होता आणि शेवटचे दोन आकडे जवळपास गेले होते. पोरानं मनापासून काम केलं होतं, रेल आरशासारखी चकाकत होती.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकानं टॉर्च तिरका धरून तो नंबर बराच वेळ पाहिला. माझी प्रिंट, नंबरावर गंज असतानाचा फोटो आणि रजिस्टरमधली नोंद जुळली म्हणून निभावलं. नंबर पूर्ण गेला असेल तर तो पुन्हा पंच करायला कार्यालयाची लेखी परवानगी लागते. गॅरेजात कोणी ‘आपण मारून देऊ’ म्हणालं तर हात जोडा. ती सरळ छेडछाड ठरते.

तपासणीला गाडी नेताना नोंदणी संपलेली असते, हे विसरू नका. टोचन लावून ओढत नेण्यापेक्षा मोठ्या गाडीवर चढवून न्या. दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि चारही ड्रम ब्रेक आदल्या दिवशी बघा. आमचा वायपर एकाच बाजूला चालत होता म्हणून दुसऱ्यांदा जावं लागलं.

पास झाल्यावर आरसीचं कार्ड स्पीड पोस्टानं घरी येतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तिची नोंद ऑनलाइन करून वेळ घ्यायची. आमची प्लेट बसली, पीयूसीही निघाली. आत्याची उधारी मात्र बाकी आहे. शिरपूरवरून शहाद्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे, पण ड्रम ब्रेकवर चाळीसच्या पुढे जायची माझी अजून हिंमत होत नाही.