धूर नाही, तरी दम नाही

पवनीजवळ गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात एका मासेमाराच्या बोटीत बसलो होतो. वीसेक मिनिटं डिझेल इंजिन झकास चाललं, मग बसत गेलं. "दम सोडून रायलं भाऊ," म्हणत त्यानं आधी पंख्यात जलपर्णी अडकली का ते पाहिलं. शंका रास्तच. नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी इथवर येतं आणि जलपर्णी त्यावर पोसते. पण पंखा मोकळा होता.

तसंही, पंखा अडकला असता तर काळा धूर आला असता. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६ ते २० पट दाबली की ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ओझं वाढलं की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, डिझेल वाढवतो, हवा मात्र पुरत नाही; अर्धवट जळालेली काजळी बाहेर पडते. एअर फिल्टर चोंदला तरी तेच. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आमच्या नळीतून धूर जवळपास नव्हताच. म्हणजे डिझेलच पुरत नव्हतं, इंजिन उपाशी!

उपाशी इंजिन हळू चालताना चुगली करत नाही. पंख्याचे फेरे दुप्पट करायला साधारण आठपट ताकद लागते, त्यामुळे थ्रॉटल पूर्ण ओढल्यावरच खरी भूक कळते.

डिझेल फिल्टर साफ होता, तळाशी पाणीही नव्हतं. मग 'एअर पकडली' असेल? टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून तिथल्या ढिल्या जोडातून डिझेल टपकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. ट्रॅक्टरवाले या न दिसणाऱ्या गळतीपायी अर्धा दिवस घालवतात. पण एअर काढायच्या स्क्रूतून एकही बुडबुडा आला नाही.

शेवटी त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स! हवा आत शिरली आणि मिनिटभरात इंजिन पुन्हा जोरात. डिझेल उपसलं जाईल तशी टाकीत हवा यायला एक बारीक नळी असते. ती बंद असेल तर आत पोकळी वाढत जाते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही.

नळीत तार घालून खरवडलं, तर कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं. अळीसाठी भरून ठेवलेले चार कोळीही.