आरव्हीवाल्यांचं सॅटेलाइट इंटरनेट: पत्ता नसलेल्या घराचा प्लॅन आणि त्याची किंमत

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरायचं ठरलं की पाण्याची टाकी, बॅटरी, सोलर यांच्या जोडीला इंटरनेटचा विषय निघतोच, आणि नवीन माणूस हमखास एका गोष्टीवर अडतो. डिश तीच, वरचे सॅटेलाइट तेच, मग घरावर लावली तर एक रेट आणि गाडीवर लावली तर जास्त रेट, शिवाय गर्दीच्या वेळी स्पीड आधी आपलाच कमी होणार, असं का? प्रश्न अगदी रास्त आहे. नुसते आजचे प्लॅन बघून त्याचं उत्तर सापडत नाही, मागे जावं लागतं. माझ्या मते सगळी गोष्ट एका शब्दाभोवती फिरते, पत्ता. सॅटेलाइट इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांना कायम ग्राहकाचा पत्ता लागत आला आणि आरव्हीवाल्याकडे नेमका तोच नसतो.

अगदी सुरुवात १९४५ ची. विज्ञानकथा लेखक आर्थर क्लार्क यांनी तेव्हा लिहून ठेवलं होतं की विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर सॅटेलाइट ठेवलं तर ते पृथ्वीबरोबरच फिरेल आणि जमिनीवरून एका जागी स्थिर दिसेल. टीव्हीची डिश एकदा फिरवून फिट केली की कायमची, ते याच हिशोबावर. इंटरनेट पण आधी याच वाटेने आलं, १९९६ मध्ये ह्यूज कंपनीचं डायरेकपीसी निघालं, त्यात डाउनलोड आकाशातून यायचं पण तुम्ही केलेली क्लिक फोनच्या लाइनवरून डायल-अपने जायची. म्हणजे सॅटेलाइट असूनही भिंतीतली फोनची वायर हवीच. गाडीत राहणाऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

२००० च्या आसपास दोन्ही बाजूंनी सॅटेलाइटवर चालणारी सर्व्हिस आली आणि तिथून आरव्हीवाल्यांची खरी गोष्ट सुरू होते. पण डिश आता सिग्नल पाठवणार पण होती, आणि थोडी जरी वाकडी लागली तरी शेजारच्या सॅटेलाइटला त्रास, म्हणून ती लावायला सर्टिफाइड इन्स्टॉलर लागायचा. घरावर एकदाच लावायची तर ठीक आहे, पण दर तीन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्याने काय करायचं? काही जण स्वतःच ते ट्रेनिंग घेऊन सर्टिफाइड झाले, बाकीचे ट्रायपॉड घेऊन शिकत बसले.

आमच्या ओळखीतले एक काका अशी ट्रायपॉडवाली डिश वापरायचे, त्यांचं ते काम मी जवळून बघितलंय. गाडी लागली की आधी दक्षिणेकडे बघायचं, झाड किंवा डोंगर आड येतोय का, कारण अमेरिकेतून ही सगळी सॅटेलाइट्स दक्षिणेच्याच आकाशात. मग ट्रायपॉडचे तीन पाय लेव्हलमध्ये आणायचे, पाणसळीतला बुडबुडा मधोमध यायलाच हवा. मग होकायंत्र, आणि होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात जो फरक असतो तो त्या जागेप्रमाणे वजा किंवा अधिक करायचा. मग डिश केसभर केसभर सरकवायची, हातातल्या मीटरचा आवाज चढत जातो, एका ठिकाणी सगळ्यात जोरात येतो, तिथे श्वास रोखून बोल्ट आवळायचा, आणि बोल्ट आवळताना डिश जरा हलली की परत पहिल्यापासून. पाऊण तास सहज जायचा. वारा सुटला तर रात्री उठून पायांना पाण्याचे कॅन बांधायचे. काकू आत बसून मोडेमच्या दिव्यांकडे बघत "आला, आला, गेला" असं ओरडून सांगायच्या.

ज्यांना हे नको होतं आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्यासाठी मोटोसॅट कंपनीची डेटास्टॉर्म नावाची छतावर बसणारी डिश होती, बटण दाबलं की उघडायची, जीपीएसवरून जागा ओळखायची आणि सॅटेलाइट स्वतः शोधायची. किंमत हजारो डॉलरमध्ये, महिन्याचं बिल वेगळं. तरी घेणारे होते, कारण जंगलात किंवा वाळवंटात उभं राहून ऑफिसचं काम करायचा दुसरा मार्गच नव्हता.

एवढं सगळं चालायचं ते एका तांत्रिक कारणामुळे, आणि ते कळलं की पुढचे सगळे रेट कळतात. त्या काळचं केयू-बँडचं (हा एक रेडिओ फ्रिक्वेन्सीचा पट्टा) सॅटेलाइट एकच मोठा बीम टाकायचं, जवळपास अख्ख्या देशावर. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलात तरी त्याच बीमखाली, कंपनीला काही फरक पडत नव्हता. पण तोटा पण तिथेच होता, एवढ्या मोठ्या भागात सगळ्यांना मिळून कपॅसिटी फार थोडी. म्हणून फेअर ॲक्सेस पॉलिसी आली, दिवसाला काहीशे एमबीच्या वर गेलात की स्पीड एकदम डायल-अपसारखा. विंडोजचा एखादा मोठा अपडेट न विचारता सुरू झाला की तुमचा दिवस संपला. आणि लेटन्सी, म्हणजे क्लिक केल्यापासून उत्तर येईपर्यंतचा उशीर, तर वेगळीच. साधा हिशोब करा, सिग्नल वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर आणि परत खाली, चार वेळा जवळपास ३६,००० किमी, प्रकाशाच्या वेगाने सुद्धा अर्ध्या सेकंदाच्या जवळ जातं. ई-मेलला चालतं, व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात.

कपॅसिटी वाढवायला कंपन्यांनी स्पॉट बीम आणले. वाइल्डब्लू कंपनीने २००५ मध्ये केए-बँड या दुसऱ्या पट्ट्यावर सर्व्हिस सुरू केली, पुढे २००९ मध्ये वायासॅटने ती कंपनी विकत घेतली, आणि २०११ मध्ये गेलेल्या वायासॅट-१ या सॅटेलाइटची एकट्याची कपॅसिटी सेकंदाला १४० गिगाबिटच्या आसपास होती, त्या वेळी ही उडी प्रचंड होती. आयडिया अशी की देशावर एक मोठी चादर टाकण्याऐवजी छोटे छोटे गोल टाकायचे आणि तीच फ्रिक्वेन्सी लांबच्या गोलात परत वापरायची. घरवाल्यांची चांदी झाली. आरव्हीवाल्यांचं मात्र नुकसान झालं, कारण आता तुमचा मोडेम तुमच्या पत्त्याच्या गोलाला बांधलेला, गोलाबाहेर गेलात की बंद. कंपनीच्या बाजूने बघितलं तर कारण साफ आहे, प्रत्येक गोलात किती ग्राहक घ्यायचे हे मोजूनच कनेक्शन विकलेलं, त्यात बाहेरून पन्नास गाड्या येऊन उभ्या राहिल्या तर तिथल्या घरवाल्यांचा स्पीड पडणार. टेक्नॉलॉजी पुढे गेली आणि फिरणारा माणूस मागे पडला, या इतिहासातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच. पुढची बरीच वर्षं बहुतेक जण मोबाइलचे हॉटस्पॉट आणि सिग्नल बूस्टर यांच्यावरच निभावत होते, टॉवर असेल तिथेच मुक्काम.

खालच्या कक्षेत भरपूर छोटी सॅटेलाइट्स सोडायची कल्पना तशी जुनी. टेलिडेसिक कंपनीने नव्वदच्या दशकात ८४० सॅटेलाइट्सचा प्लॅन मांडला, बिल गेट्स आणि मोबाइल उद्योजक क्रेग मॅकॉ यांचे पैसे होते, तो २८८ वर आला आणि २००२ मध्ये काम थांबलं. खालच्याच कक्षेतून सॅटेलाइट फोन चालवणाऱ्या इरिडियमचं १९९९ मध्ये दिवाळं निघालं होतंच. रॉकेट स्वस्त झाल्याशिवाय हे जमणार नव्हतं.

स्पेसएक्सने २०१५ मध्ये स्टारलिंक जाहीर केलं, मे २०१९ मध्ये पहिली ६० सॅटेलाइट्स एकदम सोडली, साधारण ५५० किमीवर, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये बीटा सुरू झाला, महिना ९९ डॉलर, किट ४९९ डॉलर. लेटन्सी अर्ध्या सेकंदावरून त्याच्या दहाव्या भागावर आली असं म्हटलं तरी चालेल, नीट चाललं तर २५ ते ५० मिलिसेकंद. आणि डिश स्वतःच सॅटेलाइट शोधते. ज्याने पाऊण तास बुडबुड्याकडे बघत घालवलाय त्याला याचं मोल विचारा! झाडांचा त्रास मात्र राहिला, फक्त दिशा बदलली, सुरुवातीला या डिश अमेरिकेत उत्तरेकडे कलायच्या, म्हणून वर्षानुवर्षं दक्षिण मोकळी बघून गाडी लावणाऱ्यांना आता उत्तर बघायची सवय लावावी लागली.

पण स्टारलिंक पण आलं ते पत्त्याला बांधूनच. जमीन षटकोनी सेलमध्ये वाटलेली, तुमचा सेल ठरलेला. वेळ मात्र अशी होती की मागणी थांबवणं शक्य नव्हतं, कोविडमुळे ऑफिस घरून सुरू झालेलं आणि लोकांनी ते घरच चाकांवर चढवलेलं, इंडस्ट्रीच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये ६,००,२४० आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, तोवरचा विक्रम. मग लोकांनी वाट काढली, प्रत्येक मुक्कामाला अकाउंटमध्ये जाऊन सर्व्हिस ॲड्रेसच बदलायचा. कधी चालायचं, कधी नवा सेल भरलेला असायचा, आणि कधी जुन्या सेलवर परत यायला गेलं तर तोही भरलेला.

मार्च २०२२ मध्ये घरचा प्लॅन ११० डॉलर झाला, किट ५९९. मे महिन्यात कंपनीने पोर्टेबिलिटी सुरू केली, जादा २५ डॉलर द्या आणि पत्त्याबाहेर वापरा. त्याच महिन्यात स्टारलिंक फॉर आरव्हीज आलं, महिना १३५ डॉलर. ११० अधिक २५ करून बघा. म्हणजे आरव्ही प्लॅन वेगळं काही नव्हतं, घरचा प्लॅन आणि वर हलायच्या परवानगीचे २५. दोन गोष्टी मात्र खरंच नवीन होत्या. एक, वेटिंग लिस्ट नाही आणि महिन्याच्या हिशोबाने प्लॅन पॉज करता यायचा, म्हणजे उन्हाळ्यात फिरा आणि हिवाळ्यात पैसे वाचवा. दुसरी अट, गर्दीच्या सेलमध्ये आधी घरवाले, मग तुम्ही. लोक यावर चिडतात, मला समजतं, पण स्पॉट बीमच्या काळात तुम्हाला गोलात शिरूच देत नव्हते, इथे शिरू देतात आणि मागे उभं करतात, या दोन्हीत मला तरी दुसरं बरं वाटतं. आडरानात उभे असाल तर रांगच नसते. दुखतं ते गावाजवळच्या भरलेल्या कॅम्पग्राउंडवर, संध्याकाळी सगळे एकदम सिनेमा लावतात तेव्हा.

चालत्या गाडीत वापरायला तेव्हा मनाई होती. ३० जून २०२२ ला एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने, चालत्या वाहनांसाठी परवानगी दिली आणि वर्षअखेरीपर्यंत त्यासाठीची सपाट डिश आली, २,५०० डॉलरची. ते परवडत नाही म्हणून कित्येकांनी साध्या डिशची मोटर काढून ती छतावर आडवी चिकटवली, वॉरंटी गेली तर गेली.

२०२३ मध्ये किंमत उघड उघड जागेवर ठरायला लागली. घरच्या प्लॅनला जिथे कपॅसिटी शिल्लक तिथे ९० डॉलर, जिथे गर्दी तिथे १२०. आरव्ही प्लॅनचं नाव रोम झालं आणि रेट १५०, जगभर फिरायचं तर २००. त्यातही पत्ता पूर्ण सुटला नाहीच, नोंदवलेल्या देशाबाहेर दोन महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर अकाउंट हलवायला सांगू शकतात.

बिलात न दिसणारी एक किंमत पण आहे, ती करंटची. आधीची चौकोनी डिश साधारण ५० ते ७५ वॅट खाते. ६० धरा, चोवीस तास चालू ठेवली तर १,४४० वॅट-अवर, आणि १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी जेमतेम १,२८० देते. म्हणजे एक अख्खी बॅटरी दिवसाला नुसत्या इंटरनेटला, आणि डिशला एसी लागतो म्हणून इन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच. २०२४ च्या मध्यावर मिनी ही स्टारलिंकची छोटी डिश आली तेव्हा लोकांना आनंद झाला तो आकारापेक्षा याचा, वजन १.१ किलोच्या आसपास, २५ ते ४० वॅट, राउटर आतच आणि थेट डीसीवर चालते. तिच्याबरोबर रोमचा ५० जीबीचा प्लॅन आला, महिना ५० डॉलर, वर लागेल तो डेटा एक डॉलरला एक जीबी. शनिवार-रविवार फिरणाऱ्याला तो पुरायचा, रोज मीटिंग असणाऱ्याला नाही पुरायचा, असा माणूस अनलिमिटेडलाच जायचा, जो २०२५ च्या सुरुवातीला १६५ डॉलरवर गेला.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फुकटचा पॉज गेला. त्या जागी स्टँडबाय मोड आला, महिना ५ डॉलर, स्पीड ५०० केबीपीएस. रक्कम छोटी आहे, तरी नाराजी मोठी होती, कारण याच पॉजच्या भरवशावर अनेकांनी किट घेतलं होतं. दुसऱ्या बाजूने ५०० केबीपीएसवर मेसेज जातात, हवामान बघता येतं, डोंगरात अडकलात तर कोणाला तरी कळवता येतं, आणि पूर्वी पॉज केलेली डिश यातलं काहीच करत नव्हती.

दुसरा खेळाडू यायला वेळ लागला. ॲमेझॉनच्या कायपर या सॅटेलाइट इंटरनेट प्रकल्पाला ३,२३६ सॅटेलाइट्सची परवानगी जुलै २०२० मध्येच मिळाली होती, प्रत्यक्ष सर्व्हिससाठीची पहिली २७ गेली एप्रिल २०२५ मध्ये, त्याच वर्षी नाव बदलून ॲमेझॉन लिओ झालं. त्यांचा फिरत्या ग्राहकांसाठी प्लॅन कधी निघतो आणि कितीला, याकडे आता आरव्हीवाल्यांचे डोळे लागलेत. तो निघाला की महिन्याचा आकडा नंतर बघा, आधी फॉर्ममध्ये सर्व्हिस ॲड्रेसच्या रकान्यात काय भरायला सांगतात ते बघा.