चुमाश लोकांचे पारंपरिक वनस्पतिज्ञान

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मध्य व दक्षिण किनाऱ्यावर, सॅन लुइस ओबिस्पोपासून मालिबूपर्यंत, तसेच समोरच्या सांताक्रूझ, सांता रोझा आणि सॅन मिगेल या बेटांवर राहत आलेल्या चुमाश या मूळ रहिवासी समाजाने अन्न, औषध, विणकाम, नौकाबांधणी आणि धर्मविधी यांसाठी जोपासलेली वनस्पतींची जाण. चुमाश लोक धान्याची शेती करीत नसत, तरी त्यांची किनाऱ्यावरील गावे मोठी व स्थिर होती. हे शक्य झाले ते समुद्राच्या समृद्धीइतकेच रानातील कडू आणि विषारी वनस्पतींनाही खाण्याजोगे करण्याच्या कौशल्यामुळे.

मुख्य अन्न म्हणजे एकॉर्न, अर्थात ओक वृक्षांची टणक कवचाची फळे. शरद ऋतूत ती गोळा करून वाळवली जात. कवच फोडून आतील गर दगडी उखळात कुटत आणि चाळत; मात्र या पिठात टॅनिन हे कडू-तुरट द्रव्य भरपूर असल्याने ते तसेच खाणे अशक्य असे. म्हणून पिठावर पुनःपुन्हा पाणी ओतून कडवटपणा काढत, आणि मग सांता कॅटालिना बेटावरून आणलेल्या मऊ संगजिऱ्याच्या भांड्यात त्याची दाट लापशी शिजवत. इस्ले या रानटी चेरीची प्रक्रिया याहून नाजूक होती. तिचा गर पातळ असल्याने खरे अन्न बियांमधील मगज हेच; परंतु त्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. मगज अनेकदा पाणी बदलून उकळत, ते पाणी दर वेळी फेकून देत, आणि निर्विष झालेला मगज ठेचून त्याचे गोळे वळत. ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची होती, आणि संपूर्ण समाजाचे अन्न त्यांच्या अचूकपणावर अवलंबून असे.

तुळशीच्या कुळातील चियाच्या बिया उन्हाळ्याच्या सुरुवातीला विणलेल्या झोडणीने टोपलीत झोडून घेत. त्या भाजून दळत आणि पाण्यात कालवून खात. बेटांवर ओक कमी असल्याने तेथे ब्लू डिक्स या जांभळट फुलांच्या वनस्पतीच्या कंदांना विशेष महत्त्व होते. ते उकरण्यासाठी लाकडी दांडा वापरत आणि त्याला वजन यावे म्हणून मध्ये भोक पाडलेला दगड त्यावर बसवत. खणताना मोठ्या कंदापासून सुटलेली बारीक पिल्ले मातीतच राहत आणि पुढे वाढत; त्यामुळे या खणण्याने कंदांचा पैसही वाढे.

साबणकांदा ही एकच वनस्पती किती कामी येई ते पाहण्यासारखे आहे. तिच्या कंदाचा फेस केस व कपडे धुण्यास, बाहेरील राठ तंतू कुंचले बनवण्यास आणि ठेचलेला लगदा डोहातील मासे गुंगवून पकडण्यास वापरत. हाच कंद भट्टीत भाजला की खाण्यायोग्य होई. टोपल्यांसाठी लव्हाळ्यासारख्या जंकसच्या काड्या वापरत. काडीचा बुडखा नैसर्गिकरीत्या तांबूस असल्याने विणकरणीला नक्षीसाठी रंग आयताच मिळे. तोमोल या फळ्यांच्या नौकेत तर वनस्पतींचा मेळच दिसतो: वाहून आलेल्या रेडवुडच्या फळ्या भोके पाडून रानभांगेसारख्या डॉगबेनच्या दोरीने शिवत आणि सांधे पाइनच्या राळेत नैसर्गिक डांबर मिसळून बुजवत.

औषधांत आर्टेमिसिया वर्गातील मगवर्ट हे पॉइझन ओकच्या स्पर्शाने उठणाऱ्या पुरळावर, तर येर्बा सांता सर्दी-खोकल्यावर देत. रानतंबाखूत शिंपल्यांचा चुना मिसळून पेस्पिबाता नावाची वडी करत. चुना लावून तंबाखू मळणाऱ्या मराठी मुलखाला ही जोडी परकी वाटू नये. धोतऱ्याच्याच प्रजातीतील मोमोय मात्र विधीपुरती मर्यादित होती. स्वप्नात आपला साहाय्यक आत्मा दिसावा म्हणून वयात येणाऱ्यांना ती दिली जाई. प्रत्येक झाडाची तीव्रता वेगळी आणि चूक प्राणघातक, म्हणून मात्रा जाणकार व्यक्तीच ठरवी.

चिया व इतर बियांची रोपे वाढावीत म्हणून गवताळ माळ ठरावीक काळाने जाळले जात. स्पॅनिश मिशनची (ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या वसाहतींची) गुरे ज्या कुरणांवर चरत, त्याच कुरणांवरील हा वणवा वसाहतकारांना नको होता. १७९३ मध्ये हंगामी गव्हर्नर होसे होआकिन दे अरियागा यांनी त्यावर बंदी घातली. १७७२ ते १८०४ या काळात चुमाश प्रदेशात उभारलेल्या पाच मिशनांमुळे, रोगराईमुळे आणि गावे ओस पडल्यामुळे ज्ञानाची साखळी बरीच तुटली. जे उरले ते विसाव्या शतकात फर्नांडो लिब्राडो, मारिया सोलारेस, लुक्रेशिया गार्सिया आणि मेरी यी यांसारख्या चुमाश जाणकारांनी जॉन पीबॉडी हॅरिंग्टन या भाषाभ्यासकाला सांगितले. या नोंदींचे श्रेय सांगणाऱ्यांनाच आधी द्यायला हवे. आज सांता यनेझसह विविध चुमाश गटांत टोपलीविणकाम पुन्हा शिकवले जाते आणि विणकर जंकसच्या जागा राखतात. पांढरा सेज या सुगंधी झुडपाची धुपाच्या बाजारासाठी होणारी बेकायदा तोड ही मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातील त्यांच्यासमोरची नवी अडचण आहे.