गोठ्यातील वायुउत्सर्जन

गोठ्यातील वायुउत्सर्जन : जनावरांचे शेण, मूत्र आणि त्यांच्याखाली अंथरलेला भुसा, पेंढा किंवा पाचट कुजताना बाहेर पडणारे वायू. अमोनिया, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डाय-ऑक्साइड हे त्यांतील प्रमुख होत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडावाटे निघणारा मिथेन यात धरत नाहीत.

ताज्या मूत्रात अमोनिया जवळजवळ नसतो. मूत्र शेणाला भिडले की तो झपाट्याने तयार होतो. दुभत्या गाईने चाऱ्यातून खाल्लेल्या नत्राचा (नायट्रोजनचा) साधारण चौथा हिस्सा दुधात उतरतो, उरलेला बहुतेक शेणामुतातून बाहेर पडतो. मूत्रातील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असतो आणि युरिया फोडणारे युरिएज हे विकर (एन्झाइम) शेणातल्या जिवाणूंपाशी असते. जमिनीवर दोन्ही मिसळली की काही तासांतच अमोनिया उडू लागतो. उष्णता, वारा, शेणाचा पसरलेला थर आणि वाढलेला सामू (पीएच) यांमुळे त्याचा वेग वाढतो. म्हणूनच शेण आणि मूत्र एकमेकांपासून लवकर वेगळे करणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ४० फुटांना १ फूट उतार असलेली, न फुटलेली फरशी, मूत्र वाहून नेणारी नाली, झाकलेली टाकी आणि वेळेवर शेण उचलणे एवढ्यानेच मोठा फरक पडतो. असा अमोनियाच्या रूपात उडालेला नत्र शेतकऱ्याला पुढे युरियाची गोणी विकत घेऊन भरून काढावा लागतो. या नुकसानीची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

अंथरुणाचे काम दुहेरी आहे. ते मूत्र शोषून घेते. शिवाय पाचट, भाताचा पेंढा, लाकडाचा भुसा यांत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र अगदी थोडा असल्याने सूक्ष्मजीव वाढताना मोकळा अमोनिया आपल्या शरीरात बांधून ठेवतात. कोकणात गुरांखाली पातेरा म्हणजे झाडांचा वाळलेला पाला अंथरतात, त्यालाही हेच लागू पडते. मात्र अंथरूण भिजून चिखल झाले की हा फायदा संपतो. जनावरे न बांधता मोकळी ठेवतात त्या मुक्त संचार गोठ्यात पावसाळ्यात हे हमखास घडते.

अंथरूण व शेण साचून झालेल्या जाड गादीत वरचा थर हवेशीर आणि खालचा कोंडलेला असतो. अशा ठिकाणी नायट्रस ऑक्साइड तयार होतो. १०० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. हवामान बदलासंबंधीच्या आंतरशासकीय मंडळाच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार न हलवलेल्या गादीत शेणामुतातून पडलेल्या नत्राचा सुमारे १ टक्का या वायूत जातो, तर सतत खालवर केलेल्या गादीत ७ टक्के. गादी कोरडी ठेवण्यासाठी ती रोज उकरावी हा सल्ला गाईच्या खुरांसाठी व कासेसाठी चांगला आहे, पण त्याची ही किंमत लक्षात घ्यायला हवी.

मिथेनला हवाबंद ओल लागते. पाण्याने धुऊन साठवलेल्या पातळ शेणातून तो भरपूर निघतो. गोवऱ्या थापून वाळवलेल्या किंवा कोरड्या उकिरड्यावर टाकलेल्या शेणातून त्या मानाने फारच कमी. त्यामुळे भारतातील पशुधनाच्या मिथेनमध्ये शेणाचा वाटा लहान आणि रवंथाचा मोठा आहे.

नेदरलँड्समध्ये गोठ्यांतील अमोनिया हा राजकीय प्रश्न झाला. हवेतून उतरणाऱ्या नत्रामुळे संरक्षित निसर्गक्षेत्रांची हानी होते, या कारणावरून तेथील राज्य परिषदेने (सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने) २९ मे २०१९ रोजी सरकारचा नत्रविषयक कार्यक्रम परवाने देण्यासाठी अपुरा ठरवला. त्यानंतर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये धडकले. डेन्मार्कमध्ये काही गोठ्यांत पातळ शेणात सल्फ्युरिक आम्ल मिसळून सामू उतरवतात, त्यामुळे अमोनिया द्रवातच राहतो.

हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण थोडे, पण धोका सर्वांत मोठा. बंद टाकीतले शेण ढवळताच तो एकदम सुटतो. दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास नाक बधिर होते, म्हणजे वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा होत नाही. बेशुद्ध पडलेल्याला काढायला टाकीत उतरलेलेही दगावतात.

गोबर गॅस संयंत्रात मिथेन कोंडून चुलीसाठी वापरला जातो. पण बाहेर येणाऱ्या स्लरीत म्हणजे पातळ शेणकाल्यात अमोनियारूप नत्र आणि सामू दोन्ही ताज्या शेणापेक्षा जास्त असतात. ती उघड्या खड्ड्यात उन्हात ठेवली तर नत्र उडतो. टाकी झाकून ठेवून स्लरी टाकताक्षणी मातीत मिसळली तर तो पिकाला मिळतो.