"पास झालेलं औषध आहे, त्याला काय होतंय?"
सात रस्त्याजवळच्या मेडिकलवर परवा परत हेच ऐकलं, एक काका गोळीनं अंगावर पुरळ आलं म्हणून सांगत होते आणि शेजारचा म्हणतोय सरकारनं पास केलंय म्हणजे तपासणी संपली, तुमचं खाण्यातलंच काहीतरी असेल. शेंगाचटणीवर ढकलून मोकळा!

तर तसं नसतं. मंजुरीआधीच्या ट्रायल साधारण काही हजार लोकांवर होतात. दहा हजारात एकाला होणारा त्रास त्यात दिसेलच कसा? शिवाय ट्रायलमध्ये गरोदर बायका, खूप म्हातारी माणसं, पाच-पाच गोळ्या घेणारे असे लोक फारसे नसतातच, आणि खरे पेशंट तर तेच. रोफेकॉक्सिब हे दुखण्यावरचं औषध अमेरिकेत 1999 ला पास झालं, करोडो लोकांनी घेतलं, आणि 2004 मध्ये हार्ट अटॅकचा धोका दिसला म्हणून कंपनीनंच मागे घेतलं. आपल्याकडं निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध 12 वर्षांखालच्या पोरांना द्यायला 2011 मध्ये बंदी आली, तेही आधी सर्रास चालायचं.

म्हणून पास झाल्यावरही औषधांच्या त्रासावर नजर ठेवावी लागते, त्यासाठी भारतात 2010 पासून फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम आहे (नाव अवघड, काम सोपं), कारभार गाझियाबादहून चालतो. आणि हो, असा त्रास फक्त डॉक्टरच कळवू शकतात हेही खोटं, पेशंट स्वतः त्यांच्या 1800-180-3024 वर फुकट फोन करू शकतो. औषधामुळंच झालं हे सिद्ध करायची गरज नाही, नुसता संशय पुरतो. पण बीपी-शुगरची गोळी मनानं बंद करू नका, आधी डॉक्टरला विचारा. काकांना नंबर लिहून दिलाय.