समुद्राकाठची प्रत्येक दलदल खारी नसते

हिवाळ्यात नागपूरहून कोकणात किंवा ओडिशात फिरून आलेली मंडळी फोटो दाखवू लागली, की समुद्राजवळचा कोणताही हिरवा चिखल सरसकट ‘खाजण’ ठरतो. ज्यांच्या जिल्ह्यात भरती-ओहोटी नाही, त्यांना समुद्राशेजारचे पाणी खारेच असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु किनाऱ्यालगत गोड्या पाण्याच्याही दलदली असतात आणि त्यांचे नाते शेजारच्या खाजणापेक्षा शेकडो किलोमीटर आत असलेल्या आपल्या विदर्भातील मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या उथळ काठांशी अधिक जवळचे असते.

खाजण म्हणजे खाडीकाठची अशी चिखलवट जमीन, जिच्यात भरतीचे पाणी दिवसातून साधारण दोनदा शिरते आणि ओहोटीला बाहेर पडते. गोड्या पाण्याची किनारी दलदल मात्र वाळूच्या टेकड्यांमागे किंवा नदीमुखालगतच्या सखल भागात, पाऊस, नदी आणि भूजल यांच्या आधाराने तयार होते. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे राहते, कारण गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे जमिनीखाली त्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर ढोबळमानाने त्या सपाटीखाली ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. हाच हिशेब उलट दिशेनेही चालतो: विहिरींचा उपसा वाढून ती पातळी अर्धा मीटर उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने सुमारे २० मीटर वर सरकते.

दोहोंतला फरक ओळखण्यासाठी पाणी चाखून पाहण्याची गरज नाही. पान पुरेसे आहे. गोड्या दलदलीत पाणकणीस, नळ जातीचे उंच गवत, लव्हाळे आणि कमळे वाढतात, तर खाजणात तिवर, कांदळ आणि चिपी ही खारफुटीची झाडे असतात. नागपूरजवळच्या एखाद्या तलावाच्या काठावरून पाणकणसाचे एक पान बुंध्याजवळ आडवे कापून पाहावे. बाहेरून सपाट, चिवट पट्टीसारखे दिसणारे हे पान आतून पोकळ कप्प्यांच्या रांगांनी भरलेले असते आणि बोटांत दाबले की स्पंजासारखे दबते. दलदलीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून पानांकडून येणारी हवा या कप्प्यांतून थेट बुडालेल्या मुळांपर्यंत पोहोचवली जाते. तिवरापुढेही नेमकी तीच अडचण असते, पण त्याची मुळेच पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात आणि ओहोटीच्या वेळी उघड्यावर श्वास घेतात. शिवाय तिवराला मिठाचाही निचरा करावा लागतो. त्याचे पान उन्हात निरखून पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात आणि जिभेला लावले तर ते स्पष्ट खारट लागते. पाणकणसाला असली कोणतीही सोय नसल्यामुळे पाण्याचा खारटपणा फार वाढला की ते खुरटते आणि शेवटी मरते.

प्राण्यांच्या बाबतीत सर्वांत भरवशाची खूण पक्षी नसून बेडूक आहे. बेडकांची त्वचा पाणी सहज आत-बाहेर जाऊ देते, त्यामुळे फार थोड्या जाती खारे पाणी सोसू शकतात. पावसाळ्याच्या रात्री बेडकांचा गलका ज्या पाण्यातून उठतो, ते पाणी बहुधा गोडेच असते. खाजणातल्या चिखलावर बेडकाऐवजी निवटे हे छोटे मासे उड्या मारत असतात. पक्षी मात्र फसवतात, कारण बगळे आणि खंड्या दोन्हीकडे सारख्याच निवांतपणे बसलेले आढळतात. तरीही तरंगत्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी किंवा गवतात कोंब खुडत फिरणारी जांभळी पाणकोंबडी दिसली, तर आपण गोड्या पाण्याच्या काठावर आहोत असे समजण्यास हरकत नाही.

वासाचीही मदत होते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असते आणि त्यावर जगणारे जिवाणू खाजणाच्या काळ्या चिखलात हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, म्हणून तिथे पाय रुतला की सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. गोड्या दलदलीत सल्फेट कमी असल्यामुळे मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मोकळीक मिळते. पाण्यात काठी खुपसल्यावर वर येणाऱ्या बुडबुड्यांत हाच वायू मोठ्या प्रमाणात असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

हे दोन्ही प्रकार कागदावर जितके वेगळे वाटतात तितके प्रत्यक्षात राहत नाहीत आणि त्याचे उत्तम उदाहरण ओडिशातील चिलिका सरोवर आहे. १९८१ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेल्या या मचूळ सरोवराच्या उत्तर टोकाला मंगलाजोडी हे गाव आहे. महानदीच्या दया आणि भार्गवी या शाखा याच उत्तर भागात पाणी आणतात, त्यामुळे गावाजवळ नळ आणि पाणकणसाची विस्तीर्ण गोडी दलदल तयार झाली आहे. एकेकाळी पक्ष्यांची शिकार करणारे इथले गावकरी आता बांबूने ढकलायच्या होड्यांतून पर्यटकांना तेच पक्षी दाखवतात. थंडीत काळ्या शेपटीचे पाणटिवळे आणि चक्रवाक होडीपासून काही हातांवर चरत असतात. सरोवराच्या आतल्या नलबन बेटाचे नावही नळाच्या बनावरूनच पडले आहे.

गोडे पाणी म्हणजे चांगले आणि खारे म्हणजे वाईट, हा समजही चिलिकाने खोटा ठरवला आहे. गाळाने समुद्राकडचे मुख अरुंद झाले, तेव्हा सरोवराचे पाणी गोडे होत गेले, पाणवनस्पती बेसुमार पसरल्या आणि मासळी घटली. १९९३ साली चिलिकाची नोंद धोक्यातील रामसर स्थळांत झाली. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदून समुद्राचे पाणी पुन्हा आत घेतल्यावर मासळी सावरली आणि २००२ साली ती नोंद काढून टाकण्यात आली. आजही पावसाळ्यात नद्यांच्या पुराने सरोवराचा मोठा भाग गोडा होतो आणि उन्हाळ्यात नद्या आटल्या की खारटपणा पुन्हा वाढू लागतो. म्हणूनच चिलिकातील पाण्याबद्दल कोणी काही सांगू लागले, की ती व्यक्ती तिथे कोणत्या महिन्यात आणि सरोवराच्या कोणत्या टोकाला गेली होती, हे आधी विचारून घ्यावे लागते.