बांध ओलांडणं आणि बांध कोरणं

मानवतावादी समुपदेशनात, म्हणजे सल्ला न देता समोरच्याला समजून घेत त्याला स्वतःच वाट शोधू देण्याच्या पद्धतीत, समुपदेशक आणि सल्लार्थी (मदत घ्यायला आलेली व्यक्ती) यांच्यातल्या मर्यादांबद्दल 'आधी नुसता जिव्हाळा होता, नियम मागाहून आले' असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ही पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९४२ च्या पुस्तकातच वेळेच्या आणि जबाबदारीच्या मर्यादांची चर्चा आहे. १९४७ मध्ये त्याच परंपरेतल्या एका पुस्तकाने मुलांच्या खेळोपचाराची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं शेवटचं मर्यादांचंच आहे: मर्यादा हव्यात, पण अगदी गरजेपुरत्या. मुलाने बाहुलीला बडव-बडव बडवावं, पण खिडकीची काच फोडू नये.

१९५० च्या आसपास खुद्द रॉजर्सलाच ठेच लागली. शिकागोत एका अतिशय अस्वस्थ सल्लार्थीत तो इतका गुंतला की आपण कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, हे त्याला कळेनासं झालं. शेवटी तो बायकोला घेऊन शहराबाहेर निघून गेला आणि दोन-तीन महिने परतलाच नाही. पुढे त्याने स्वतः एका सहकाऱ्याकडे उपचार घेतले. हे त्याने नंतर मोकळेपणाने लिहूनही ठेवलं.

साठच्या दशकात कॅलिफोर्नियात एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या समूहांची लाट आली. एकेरी हाका, गळाभेटी, रात्र-रात्र चालणारी सत्रं. तिथे रेषाच पुसट झाली. सल्लार्थीशी लैंगिक संबंध अनैतिक आहेत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या आचारसंहितेत स्पष्ट शब्दांत यायला १९७७ उजाडलं. १९९२ मध्ये उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षांची बंदी आली. तिथल्याच समुपदेशकांच्या संहितेने २००५ मध्ये ती पाच वर्षांवर नेली. दोनच का, पाचच का, यावर वाद झाला आणि तो रास्तच होता. विश्वासाला मुदत घालायची तर ती कुठल्या पंचांगातून काढायची?

पण आपल्याकडचा खरा गुंता शब्दाचा आहे. १९९३ च्या एका गाजलेल्या अमेरिकी लेखाने 'क्रॉसिंग' आणि 'व्हायोलेशन' असा भेद केला. रेषा ओलांडूनही कुणाचं नुकसान झालं नाही, कधी भलंच झालं, तर ते क्रॉसिंग. ज्यात सल्लार्थीचं नुकसान किंवा शोषण होतं, ते व्हायोलेशन. मराठीत मात्र दोन्हींना 'मर्यादेचं उल्लंघन'च म्हटलं जातं. 'मर्यादा' हा शब्द आपल्याकडे कुंपणाचा कमी आणि अब्रूचा जास्त. तिने मर्यादा ओलांडली म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया चढतात आणि बोट बहुधा बाईकडेच जातं. समुपदेशनात तर जबाबदारी पूर्णपणे समुपदेशकाची असते. ('समुपदेशना'त उपदेश आणि 'सल्लार्थी'त सल्ला, आणि पद्धत अशी की दोन्ही टाळायचे! पण ते असो.)

शेतकऱ्याच्या बोलीत हा भेद आयता आहे. शेजारचा बांध ओलांडून रोज ये-जा होते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बांध कोरला की मात्र मोजणी, भांडण, कोर्ट. संक्रांतीला सल्लार्थी तळहातावर तिळगूळ ठेवते, तो घेणं म्हणजे बांध ओलांडणं. 'आम्ही भेटवस्तू घेत नाही' म्हणून तो परत करणारी समुपदेशक नियमाने चुकत नाही, पण समोरची त्या दिवशी मिटून जाते. तीच सल्लार्थी पुढे पैठणी घेऊन आली किंवा समुपदेशकानेच तिच्या नवऱ्याकडे आपल्या मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकला, तर बांध कोरायला सुरुवात झाली. 'मॅडम'ची 'ताई' होणं या दोहोंच्या मधे कुठेतरी येतं. माझ्या मते ते सरसकट रोखू नये. तिला ताई कशासाठी हवी आहे, हे मात्र सत्रातच विचारावं.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत समुपदेशक हा शब्दच नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांसह वर्तन-आरोग्याच्या क्षेत्रातल्या लोकांच्या नोंदणीची वाट काढली. तोवर २०२० च्या टाळेबंदीने सत्रं घराघरांत शिरली होती. आता समुपदेशकाचा खासगी नंबर सल्लार्थीकडे असतो. रात्री साडेअकराला मेसेज येतो, तो उघडला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि त्या तिकडे दिसतात. मग लगेच उत्तर द्यायचं की गुरुवारच्या सत्रापर्यंत थांबायचं, हे ज्याचं त्याने पहिल्याच भेटीत बोलून ठेवावं लागतं.